रेवदंड्याच्या अफानासी निकितिनचं आडनाव: अर्थ काय?

अष्टागर: रेवदंड्यात ज्याचं स्मारक आहे तो रशियन व्यापारी, पंधराव्या शतकात चौलला उतरलेला. 'निकितिन' हे गावावरून पडलंय का, आपल्या 'कर'सारखं? आणि आजचे निकितिन त्याचे वंशज म्हणायचे का?

प्रत्ययवेडा: गावाचा संबंध नाही. निकिता हे पुरुषाचं नाव, मूळ ग्रीक, अर्थ विजेता. (आपल्याकडे हे नाव मुलींना ठेवतात.) नाव 'आ'कारान्त असेल तर 'इन' लागतो: निकिताचा निकितिन, फोमाचा फोमिन. व्यंजनान्त असेल तर 'ओव': इवानचा इवानोव. दोन्हींचा अर्थ आपल्या 'चा'सारखाच. बाई असेल तर निकितिना, इवानोवा.

दप्तरी: त्याच्या बाबतीत तर हे आडनावही नव्हे. प्रवासवर्णनात तो स्वतःला 'मिकिताचा मुलगा' म्हणवतो. मिकिता हे निकिताचंच बोलीतलं रूप. गावावरची ओळख वेगळी होती: त्वेरितिन, म्हणजे त्वेरचा. तुमच्या 'कर'ला जवळचं ते. बहमनी मुलखात मात्र खोजा युसुफ खोरासानी हे नाव लावून फिरला.

अष्टागर: मग 'निकितिच' कुठून येतं?

प्रत्ययवेडा: ते वडिलांचं नाव, मधलं. फ्योदोर निकितिच रोमानोव घ्या: वडील निकिता, आजोबा रोमान. आजोबांचं नाव पुढे घराण्याला चिकटलं. त्याआधी याच घराण्याला कोश्किन, झाखारिन म्हणत. फ्योदोरचा मुलगा मिखाइल १६१३ मध्ये झार झाला.

दप्तरी: वंशजांचं म्हणाल तर नुसत्या आडनावावरून काहीच ठरत नाही. निकिता नावाचे बाप गावोगाव होते, आणि बऱ्याच शेतकरी घरांची आडनावं १८६१ ला भूदासपद्धत संपल्यावरच कायम झाली. अठराव्या शतकातल्या करदात्यांच्या याद्यांत 'प्योत्र निकितिन' दिसला तर बाप निकिता, एवढंच धरा. त्याच्या मुलाची नोंद 'इवान पेत्रोव' अशी सापडेल. आडनाव धरून मागे जाणाऱ्यांची वंशावळ इथेच भलत्या घरात शिरते.

आधी गाव आणि तिथलं चर्च पक्कं करा. मग चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या, त्यानंतर करयाद्या. या याद्यांच्या एकूण १० फेऱ्या झाल्या. प्रत्येकीत घरातल्या पुरुषांची वयं मागच्या फेरीशी ताडून पाहा. १८११ च्या फेरीत बायकांची नोंदच नाही, तेव्हा तिथे त्यांना शोधत बसू नका.