नेपाळच्या सेवादौऱ्यात तरुणांचा दिवस कसा आखावा?

प्रश्न : नगरचा तरुण संघ

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या तरुण संघातील अठरा ते पंचवीस वयाची मुले-मुली दिवाळीच्या सुटीत नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यातील एका लहान डोंगरी मंडळीकडे सेवेसाठी जाणार आहेत. गोरखपूरपर्यंत रेल्वेने आणि तेथून सोनौलीची सीमा ओलांडून बसने जायचे ठरले आहे. दिवसाचा आराखडा आम्ही असा केला आहे : सकाळी शास्त्राभ्यास, आठला न्याहारी, मग दुपारपर्यंत प्रार्थनामंदिराची रंगरंगोटी, तीन वाजता मुलांसाठी गाणी व खेळ आणि संध्याकाळी घरोघरी जाऊन सुवार्तेची पत्रके वाटणे. रविवारी अर्थातच उपासना. पास्टरेट कमिटीतील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतील, काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, पत्रके वाटली नाहीत तर तो सेवादौरा कसला, ती नुसती सहल झाली. ज्यांनी तिकडे तरुणांना नेले आहे त्यांनी कृपया मत द्यावे.

उत्तर : वकील काका

पत्रकांचा कार्यक्रम आजच रद्द करावा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील कलम २६ ने दुसऱ्याचे धर्मांतर करविण्यास मनाई केली आहे आणि २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ प्रमाणे त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांच्या आत त्याला देशाबाहेर काढले जाते. आपल्याला व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत असतात, त्यामुळे आपण तेथे परदेशी आहोत याचा आपल्याला सहज विसर पडतो. तुम्ही सुटी संपली की परत याल. पोलिस चौकीत खेटे घालायची वेळ येईल ती तुम्हाला घरात ठेवून घेणाऱ्या पाळकांवर. मुलांना खाऊ, वह्या किंवा कपडे वाटण्याचा बेत असेल तर तोही सोडावा, कारण आमिष दाखविल्याचा आरोप नेमका तेथूनच सुरू होतो. आणखी एक : सीमेवर प्रौढांचे आधार कार्ड चालत नाही, प्रत्येकाजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असले पाहिजे.

उत्तर : डोंगरवाट

वकील काकांशी मी सहमत आहे, पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. हा दिवस तुम्ही नगरमध्ये बसून आखला आहे आणि तो तिकडच्या घराच्या घड्याळात कोठेच बसत नाही.

पहिली गोष्ट उपासनेची. नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारी असल्यामुळे मंडळ्या शनिवारी जमतात. रविवारी तुम्ही पेटी-ढोलकी घेऊन मंदिराच्या दारात पोहोचाल तेव्हा यजमान शेतावर गेलेले असतील. २५ एप्रिल २०१५ चा भूकंपही शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला आणि त्या वेळी कित्येक मंडळ्यांचे लोक उपासनेतच होते, हे मुलांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे कोणी साक्षीत (उपासनेत स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगताना) त्या दिवसाविषयी बोलू लागले तर ती गोंधळणार नाहीत. चपला बाहेर, पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला, सगळे जमिनीवर, आणि मादल या नेपाळी ढोलकीच्या ठेक्यावर चाललेले लांबलचक गायन : यात आपल्या मुलांना फारसे अवघड काही नाही. नेपाळी गीतांचे पुस्तक त्यांना वाचताही येईल. अर्थ अर्धा कळेल, पण आवाज मिसळता येतो. त्यांच्याकडून आधी दोन गीते मागवून बसवून घ्या आणि आपले एकच मराठी भजन म्हणा, एकापेक्षा जास्त नको.

दुसरी गोष्ट जेवणाची. डोंगरातील घरात सकाळी नुसता चहा होतो, दहाच्या सुमारास पोटभर डाळ-भात, दुपारी काही हलके खाणे आणि अंधार पडल्यावर पुन्हा जेवण. तुम्ही आठला न्याहारी आणि एकला जेवण मागितलेत तर घरच्या बाईला दिवसातून चार वेळा चूल पेटवावी लागेल, तीही सुगीच्या दिवसांत. दिवाळीच्या आसपास तिकडे भाताची कापणी सुरू होते, पाठोपाठ नाचणी येते, आणि याच दिवसांत माणसांची खरी चणचण असते, कारण गावातील बरेच तरुण कामासाठी आखातात किंवा मलेशियात गेलेले असतात. भिंत रंगविण्यापेक्षा विळा हातात घ्या. पेंढ्या भरलेला डोको, म्हणजे वेताची टोपली, पाठीवर आणि त्याचा नाम्लो, म्हणजे पट्टा, कपाळावर घेऊन चढण चढताना मान अवघडते आणि नजर आपोआप पायांपुढच्या दगडावर खिळते. आपल्याकडची व्यायामशाळेत जाणारी मुलेही पहिल्या वळणावर बसतात आणि गावातल्या आजीबाई हसत हसत पुढे निघून जातात. त्या हसण्याने जी ओळख होते ती पत्रकाने होत नाही.

वडीलधाऱ्यांना एवढेच सांगावे की तुमच्याच पाल्पा जिल्ह्यात, तानसेनला, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड मिशन टू नेपाळ या ख्रिस्ती सेवासंस्थेचे रुग्णालय आहे. धर्मप्रसार करणार नाही, अशी अट मान्य करूनच ती संस्था देशात आली. तिच्या डॉक्टरांना सहलीला आलेले असे कोणी म्हटले नाही.

उत्तर : शब्बाथशाळेची बाई

मुलांचा कार्यक्रम मंडळीच्या स्वतःच्या शब्बाथशाळेपुरता (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गापुरता) आणि त्यांच्याच शिक्षिकेच्या हाताखाली ठेवावा. परक्या मुलांना कडेवर घेऊन काढलेले फोटो समूहांवर टाकायचे नाहीत, हा नियम निघण्यापूर्वी लेखी करून घ्या, कारण तोंडी सांगितलेले गोरखपूर येईपर्यंत विसरले जाते. रंगकामाचे पैसे हाताशी असतील तर ते तेथील रंगाऱ्याला द्या. काम नीट होईल आणि त्याला मजुरीही मिळेल.

प्रतिसाद : नगरचा तरुण संघ

सर्वांचे आभार. आराखडा बाजूला ठेवून यजमान पाळकसाहेबांना आज फोन केला आणि तुम्हाला आमची गरज कशासाठी आहे, असे सरळ विचारले. त्यांनी रंगाचा विषयही काढला नाही. शनिवारच्या उपासनेत दोन तरुणांनी साक्ष द्यावी, कापणीला हात लावावा आणि रात्री जेवणानंतर त्यांच्या तरुणांना पेटीचे प्राथमिक धडे द्यावेत, एवढेच त्यांनी मागितले. पेटी वाजविणारी एक मुलगी आमच्यात आहे. मात्र पेटी रेल्वेने न्यावी की वाटेतल्या बुटवल शहरात विकत घ्यावी, हे कोणाला सांगता येईल का?

उत्तर : डोंगरवाट

इकडूनच न्या आणि येताना तिथेच ठेवून या. सीमेवर विचारपूस होऊ शकते, म्हणून खरेदीची पावती जवळ असू द्या.