म्युन्स्टरचं पाप झुरिकमध्ये बुडवलेल्यांच्या माथी का?

लिमातकर
परवा गप्पांत एक मित्र म्हणाला, "अ‍ॅनाबॅप्टिस्टांचा छळ झाला खरा, पण म्युन्स्टरमध्ये त्यांनी जो धिंगाणा घातला तो पाहता दुसरं काय होणार होतं?" तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय, म्हणून हा धागा.

अ‍ॅनाबॅप्टिस्ट म्हणजे सोळाव्या शतकातले, मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणारे ख्रिस्ती. त्यांच्यातल्या काहींनी जर्मनीतलं म्युन्स्टर शहर ताब्यात घेतलं, ते घडलं १५३४-३५ मध्ये. मी झुरिकला ऑफिसला जाताना लिमात नदीच्या काठाने जातो. तिथे २००४ साली लावलेली एक पाटी आहे. १५२७ ते १५३२ या काळात फेलिक्स मान्ट्स आणि आणखी पाच अ‍ॅनाबॅप्टिस्टांना इथे नदीच्या मधोमध बुडवलं, असं तिच्यावर लिहिलंय. मान्ट्सचा दिवस ५ जानेवारी. ऐन थंडी. बांधलेले हात गुडघ्यांवरून खाली ओढले, गुडघे आणि हातांच्या मधून काठी सारली आणि दिला ढकलून. काठावरून आई ओरडून सांगत होती, डगमगू नकोस. गुन्हा काय, तर बाप्तिस्मा जाणत्या माणसाने समजून-उमजून घ्यायचा असतो, तान्ह्या बाळाला द्यायचा नसतो, असं म्हणणं आणि तसं वागणं. पाण्याचा गुन्हा म्हणून शिक्षाही पाण्याचीच! म्युन्स्टरला अजून सात वर्षं अवकाश होता.

जुना वकील
तारखा बरोबर, निष्कर्ष घाईचा. २१ जानेवारी १५२५ ला ज्याने पहिल्यांदा पुन्हा बाप्तिस्मा घेतला, तो ब्लाउरॉक मान्ट्सबरोबरच पकडलेला होता. मान्ट्सला बुडवलं त्याच दिवशी त्याला फटके मारत वेशीबाहेर काढलं, जिवंत. कारण तो झुरिकचा नागरिक नव्हता, मान्ट्स होता. पुन्हा बाप्तिस्मा द्याल तर बुडवू, हा हुकूम मार्च १५२६ मध्येच जाहीर झाला होता. झुरिकच्या नगर कौन्सिलच्या दृष्टीने मान्ट्स हा हुकूम मोडणारा नागरिक होता. आणि ते शहर चालायचं नागरिकांच्या शपथेवर, रक्षण व्हायचं त्यांच्याच हत्यारांनी. हे अ‍ॅनाबॅप्टिस्ट म्हणणार शपथ घेणार नाही, तलवार धरणार नाही. जर्मन शेतकऱ्यांचं बंड होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. छळाचं समर्थन करत नाही, पण त्या खुर्चीत बसून बघा.

बखरवाला
लिमातकर, म्युन्स्टर एवढं स्वस्तात सोडू नका. फेब्रुवारी १५३४ मध्ये शहर हाती आल्यावर त्यांनी काय केलं? बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा. म्हणजे सक्तीचा बाप्तिस्मा नको म्हणणाऱ्यांनीच सक्तीचा बाप्तिस्मा! पुढे यान व्हान लायडन राजा झाला, एकाला अनेक बायका, विरोध केला की मुंडकं. तिघा पुढाऱ्यांना १५३६ मध्ये हालहाल करून मारलं आणि प्रेतं पिंजऱ्यांत घालून लांबर्टी चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. पिंजरे अजून तिथेच आहेत. "ते आमचे नव्हेत" म्हणणं सोपं असतं.

लिमातकर
बखरवाले, म्युन्स्टरचा राजा जुलमी होता, यात वादच नाही. पण बिल कुणाच्या नावावर फाडताय? १५२९ मध्ये श्पायरला भरलेल्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत साम्राज्यभर कायदा झाला, पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्याला देहदंड. म्युन्स्टरच्या पाच वर्षं आधी. गंमत बघा, त्याच सभेत ल्यूथरवाल्या राजांनी स्वतःच्या श्रद्धेसाठी निषेध नोंदवला आणि तिथूनच 'प्रोटेस्टंट' हा शब्द आला. अ‍ॅनाबॅप्टिस्टांना मारायच्या कायद्याला मात्र त्यांनी कॅथलिकांच्या जोडीने होकार भरला!

आणि वकीलसाहेब, दुसरं काहीच शक्य नव्हतं म्हणता? हेसे या जर्मन संस्थानाचा ल्यूथरवाला राजा फिलिप बघा. म्युन्स्टरला वेढा घालायला याने मदत पाठवली, पण आपल्या मुलखात नुसत्या श्रद्धेपायी एकाही अ‍ॅनाबॅप्टिस्टाला मारलं नाही.

जुना वकील
"काहीच शक्य नव्हतं" असं मी म्हटलेलंच नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका. फिलिपचा मुद्दा मात्र बिनतोड, घेतला. तरी तोही कैद करत होता, हद्दपार करत होता. म्हणजे हे लोक चालणार नाहीत हे त्यालाही पटलेलं होतं, फरक शिक्षेत. शपथेशिवाय तेव्हाचं शहर म्हणजे विटांचा ढीग हो.

शेवंता
इतका वेळ नुसती वाचत होते, पण शपथेवर गाडी आलीच आहे तर एक सांगते. हॉलंडमधलं आस्पेरन, १५६९. डिर्क विलेम्स नावाचा अ‍ॅनाबॅप्टिस्ट कैदेतून चिंध्यांच्या दोराने उतरून पळाला. तुरुंगातल्या अन्नावर इतका वाळला होता की गोठलेल्या तळ्यावरून पार गेला. पाठलाग करणारा शिपाई मात्र बर्फ फुटून पाण्यात पडला. डिर्क मागे फिरला, त्याला ओढून काढला. शिपायाच्या मनात त्याला सोडून द्यायचं होतं. काठावरून बर्गोमास्टर, म्हणजे नगराध्यक्ष, ओरडला, तुझी शपथ आठव. १६ मे रोजी डिर्कला जाळलं. वाऱ्याने ज्वाळा अंगावरून बाजूला जात होत्या, त्यामुळे मरायला फार वेळ लागला.

वकीलदादा, ती विटांची शपथ हीच ना?

जुना वकील
हीच. ताई, त्या शिपायाने शपथ मोडली असती तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरांना कुणी खायला घातलं असतं, तेही सांगा.

शेवंता
ते बर्गोमास्टरला विचारा. मी पाण्यातून वर आलेल्या माणसाबद्दल बोलतेय.