मदत हवी आहे: मर्ज टूलचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटला कळत नाहीये

टर्मिनलवाला
नमस्कार मंडळी. आमच्या टीमचं कोड मर्ज करायचं (सगळ्यांचे बदल एकत्र जोडायचं) एक घरचंच टूल आहे, 'जोड' नावाचं. रीडमी चार पानी, नवीन आलेली मुलं ते वाचून आरामात काम करतात. आता मर्जची कामं एजंटकडे द्यायला लागलोय तर रोज गोंधळ. काल कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगवेगळे बदल) सोडवताना त्याने मास्टरवरचा कोड ठेवला आणि आमच्या फीचरचा उडवला. रीडमीत स्पष्ट लिहिलंय, 'आपला बदल ठेवायचा असेल तर अवर्स घ्या'. त्याने अवर्सच ('आपली' बाजू घ्यायचा पर्याय) घेतलं, तरी हे! शिवाय मधेच अडकून बसतो. एजंटसाठी डॉक्युमेंटेशन कुठल्या फॉरमॅटमध्ये लिहितात? उद्या रिलीज आहे, जरा लवकर सांगा.

मेघदूत_७
फॉरमॅटचं नंतर बघू. 'जोड' आतून गिट (कोडचे बदल नोंदवणारं टूल) वापरून मर्ज करतं की रीबेस? गिटचं व्हर्जन कुठलं? आणि अडकतो म्हणजे नेमका कुठल्या कमांडवर?

सह्यकडा
एजंट्स डॉट एमडी ही एजंटसाठीच्या सूचनांची फाइल ठेवा रेपोच्या (कोडच्या फोल्डरच्या) मुळाशी, बरेच एजंट ती आधी वाचतात. आमच्याकडे तेवढ्यावर भागलं.

टर्मिनलवाला
फाइल आहे हो, तिच्यात रीडमीच चिकटवलंय. मेघदूत, त्याने काय फरक पडतो? रीबेस करतं, हिस्टरी सरळ राहावी म्हणून. उबुंटू 22.04 सोबत येतं तेच गिट, 2.34.

मेघदूत_७
सगळा फरक त्यानेच पडतो! रीबेसमध्ये बाजू उलट्या होतात. गिट आधी मास्टरवर जाऊन उभं राहतं आणि तुमचे कमिट (नोंदवलेले बदल) एकेक करून वर चढवतं. म्हणून अवर्स म्हणजे मास्टर आणि थेअर्स ('त्यांची' बाजू) म्हणजे तुमचं फीचर. एजंटने तुमचं वाक्य शब्दशः पाळलं. माणूस फाइल उघडून कोड बघतो आणि निस्तरतो, म्हणून मुलांचं आजवर निभावलं. अवर्स-थेअर्स नुसतं लिहूच नका, असं लिहा:

'जोड रीबेस करतं. कॉन्फ्लिक्ट आल्यावर --अवर्स = मास्टरवरचा कोड, --थेअर्स = फीचर ब्रँचचा कोड. अख्खी फाइल एका बाजूची घेऊ नका. दोन्ही बदल हवे असतील तर हाताने जुळवा. ठरवता येत नसेल तर गिट रीबेस --अबॉर्ट करा आणि थांबून विचारा.'

रात्रपाळी
अडकण्याचं मी सांगतो. गिट रीबेस --कंटिन्यू कमिट मेसेजसाठी एडिटर उघडतं, आणि एजंटसमोर कीबोर्ड नाही. 'जोड'मध्येच गिट_एडिटर=ट्रू सेट करा, म्हणजे एडिटर न उघडता काम पुढे जाईल. हे डॉक्युमेंटेशनचं कामच नाही. लिहिलेलं एजंट दहातल्या एका वेळी विसरणार, टूल विसरत नाही.

मेघदूत_७
टूल सुधारा, पण बाजू निवडणं हा निर्णय आहे, तो टूलमध्ये कसा कोंबणार? तो लिहावाच लागतो.

रात्रपाळी
मान्य. पण आधी सांगा, कॉन्फ्लिक्ट आला की 'जोड' कुठला एक्झिट कोड (काम संपल्यावर टूल परत देतं तो आकडा) देतं?

जुनाजाणता
माझं स्पष्ट मत, मर्ज एजंटला देऊच नये. ब्रँच एका दिवसापेक्षा जास्त जगू दिली नाही तर कॉन्फ्लिक्टच येत नाहीत. आम्ही वर्षानुवर्षं असंच केलं.

सह्यकडा
काका, प्रश्न तो नाहीये. आणि पॅकेज-लॉक डॉट जेसनचं (पॅकेजांची नेमकी व्हर्जनं नोंदवणारी फाइल) काय? दोघांनी वेगवेगळी पॅकेजं टाकली की एका दिवसाच्या ब्रँचमध्येही तीच फाइल भांडते.

काजूबोंडू
लॉक फाइल हाताने जुळवू नये. आधी पॅकेज डॉट जेसन नीट करायची आणि एनपीएम इन्स्टॉल परत चालवायचं, लॉक आपोआप जुळते. हे एक वाक्य एजंटच्या फाइलमध्ये नक्की टाका, नाहीतर तो त्या हजारो ओळींत डोकं घालून बसतो.

टर्मिनलवाला
एक्झिट कोड शून्यच येतो, कॉन्फ्लिक्ट असला तरी. स्क्रीनवर लाल अक्षरात मेसेज येतो ना.

रात्रपाळी
अहो, लाल रंग एजंटला कुठला दिसायला! शून्य म्हणजे त्याच्या लेखी काम फत्ते. गिट मर्ज-ट्री --राइट-ट्री कसं करतं बघा: स्वच्छ जुळलं तर 0, कॉन्फ्लिक्ट असेल तर 1, दुसरीच काही चूक असेल तर आणखी वेगळा आकडा. (तुमच्या 2.34 मध्ये ते मिळणार नाही, 2.38 पासून आहे.) तसंच 'जोड'मध्ये करा आणि प्रत्येक आकड्यापुढे पुढची कमांड लिहा. कमिटच्या आधी गिट डिफ --कॅश्ड --चेक चालवायला सांगा, राहिलेल्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा सापडतात.

मेघदूत_७
मर्ज डॉट कॉन्फ्लिक्टस्टाइल पण डिफ3 करा. दोन्ही बाजूंसोबत मूळ कोडही दिसतो, म्हणजे कोणी काय बदललं ते एजंटला ओळखता येतं. आणि --स्किपबद्दल काय लिहिलंय?

टर्मिनलवाला
'अडकल्यास स्किप करून पुढे जा.' का?

मेघदूत_७
ती ओळ आत्ताच्या आत्ता काढा. रीबेसमध्ये --स्किप म्हणजे तो अख्खा कमिट गाळणं. कालच्या ब्रँचवर गिट रीफ्लॉग (ब्रँच आधी कुठे कुठे होती त्याच्या नोंदी) बघा, रीबेस सुरू व्हायच्या आधीची नोंद असेल. तिथून नवी ब्रँच काढली की तुमचं फीचर परत मिळेल.

टर्मिनलवाला
मिळालं! दोन कमिट गायब होते, दोन्ही रीफ्लॉगमध्ये सापडले. एक्झिट कोड आणि एडिटर आज रात्रीच बदलतो. काजूबोंडू, आमच्याकडे एनपीएमऐवजी यार्न आहे, त्याच्या लॉकलाही हेच चालेल का?