मदत हवी आहे: मॉलिब्डेनम कॅटॅलिस्टवर अमोनिया नगण्य, हायड्रोजन मात्र भरपूर

निशिबायाशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाच्या गटाच्या 2011 च्या पद्धतीने नायट्रोजनपासून अमोनिया करतोय. पीएनपी पिन्सर लिगंड (धातूला फॉस्फरस-नायट्रोजन-फॉस्फरस अशा तीन जागी धरणारा रेणू) असलेलं दोन मॉलिब्डेनमचं संयुग (हेच कॅटॅलिस्ट) 0.010 मिलिमोल, ल्युटिडिनियम ट्रायफ्लेट (प्रोटॉन देणारं आम्ल) 0.96 मिलिमोल, कोबाल्टोसीन (इलेक्ट्रॉन देणारं) 0.72 मिलिमोल. टोल्युइन, 1 अॅटमॉस्फिअर नायट्रोजन, खोलीचं तापमान. कोबाल्टोसीन एकदम घालून 20 तास ढवळतो, मग बाष्पशील भाग व्हॅक्यूमने पातळ सल्फ्युरिक आम्लात ओढून इंडोफिनॉलने (अमोनियाची निळ्या रंगाची चाचणी) मोजतो. 1 मोल संयुगामागे अमोनिया जेमतेम 2 मोल, पेपरात 12 च्या आसपास. कॅटॅलिस्ट मरतंय का?

उत्तर १
कॅटॅलिस्टवर इतक्यात आळ नको. कोबाल्टोसीन एकदम घातलं की ते थेट आम्लाशी भिडतं आणि इलेक्ट्रॉन हायड्रोजनमध्ये जातात. तुमचं 0.72 मिलिमोल, म्हणजे सुमारे 136 मिग्रॅ कोबाल्टोसीन टोल्युइनमध्ये विरघळवून सिरिंज पंपाने तासाभरात थेंबथेंब सोडा, मग उरलेले 19 तास ढवळा. आम्ल टोल्युइनमध्ये नीट विरघळत नाही, ते तसंच हवं, म्हणजे कोबाल्टोसीनशी थेट गाठ कमी पडते. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) हा द्रावक घेऊ नका. मॉलिब्डेनमवरच नायट्रोजनपासून अमोनिया करणाऱ्या श्रॉक यांच्या 2003 च्या प्रयोगात हेप्टेन आणि 6 तासांची संथ भर याच कारणासाठी होती.

उत्तर २
पंप लावाच, पण माझा संशय शेवटी अमोनिया वेगळा काढण्याच्या पायरीवर जास्त आहे. सगळे इलेक्ट्रॉन खर्च झाले तरी 0.24 मिलिमोल आम्ल उरतंच. अमोनिया ल्युटिडिनपेक्षा (आम्लाने प्रोटॉन दिल्यावर उरणारं) तीव्र आम्लारी, त्यामुळे तो अमोनियम ट्रायफ्लेट होऊन फ्लास्कच्या तळाशी बसतो आणि व्हॅक्यूमला दाद देत नाही. आधी 30% पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं जलीय द्रावण घाला, मगच ऊर्ध्वपातन करा.

ल्युटिडिनही सोबत येतं, म्हणून कॅलिब्रेशनच्या नमुन्यांत तेवढंच ल्युटिडिन आणि तेवढंच आम्ल असू द्या. इंडोफिनॉलचा निळा रंग आम्लारी माध्यमातच पुरता चढतो. आम्ल उरलं तर आकडा खोटा कमी दिसतो.

प्रश्नकर्ता
नायट्रोजनऐवजी आर्गॉनखाली केलेल्या कंट्रोलमध्येही (तुलनेच्या प्रयोगात) थोडा अमोनिया दिसतो. मग सगळं बाहेरचं प्रदूषणच समजू का?

उत्तर २
तसं म्हणता येणार नाही. या संयुगातच नायट्रोजनचे 5 रेणू बांधलेले आहेत, म्हणजे कागदोपत्री 10 मोल अमोनियाचा साठा. त्यामुळे 2 मोल हा आकडा कॅटॅलिसिसचा पुरावाही ठरत नाही. नायट्रोजनखाली पण संयुगाशिवाय एक कंट्रोल करा, प्रदूषण त्यात कळेल. नंतर नायट्रोजन-15 (नायट्रोजनचा जड समस्थानिक) वायू वापरून डीएमएसओ-डी6 या द्रावकात प्रोटॉन एनएमआर घ्या, म्हणजे अमोनिया दिलेल्या वायूपासूनच झाला का ते कळेल: नेहमीच्या नायट्रोजन-14 चं अमोनियम सुमारे 51 हर्ट्झ अंतराच्या तीन रेषा (त्रिक) देतं, नायट्रोजन-15 चं सुमारे 73 हर्ट्झ अंतराच्या दोन (द्विक). सिलिंडरमधल्या नायट्रोजन-15 वायूत कधीकधी आधीच अमोनिया असतो. वायू आम्लातून धुऊन, कोरडा करूनच आत सोडा.