गंभीर कोरोनानंतर पक्षाघात: संबंध असतो का?

देवगडची सून: 2021 च्या मे महिन्यात सासरे कोरोनाने ऑक्सिजनवर होते. घरी आल्यावर पुढच्याच आठवड्यात, पडवीत बसून आंब्याच्या पेट्या भरताना बघत होते, तेव्हा उजवा हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं. बीपी आधीपासूनच. वाडीत अजून म्हणतात, वारं गेलं अंगावरून. कोरोनामुळेच झालं असेल का?

निवृत्त परिचारिका, मालवण: शक्यता बरीच आहे. आजार तीव्र असला की शरीरभर दाह होतो, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, रक्तात गुठळ्या होऊ शकतात. त्यातली एखादी मेंदूकडे गेली की पक्षाघात. पहिल्या काही आठवड्यांत धोका सर्वाधिक, मग उतरतो. पण ताई, बीपीचाही वाटा असणार.

देवगडची सून: रक्त पातळ करणाऱ्या गोळीला ते कंटाळलेत. थांबवू?

निवृत्त परिचारिका, मालवण: अजिबात नको! डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही. आणि बीपीसाठी खारट, म्हणजे सुका बांगडा, लोणचं कमी करा.

वेंगुर्ल्याचा भाचा: पुन्हा असं झालं किंवा तोंड वाकडं दिसलं तर तेल चोळत बसू नका, लगेच 108 लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. जवळ स्कॅन कुठे होतो, ते आजच विचारून ठेवा.