चौघांपुरती टर्की: तुमचेही अनुभव सांगा

माजघर

काल रत्नागिरीहून आईचा फोन आला आणि ख्यालीखुशालीच्याही आधी तिने विचारले, "यंदा टर्की फ्रीजमध्ये कधी उतरवणार?" त्या प्रश्नाने मला थेट २०२० च्या थँक्सगिव्हिंगपाशी, म्हणजे टर्की पक्षी भाजून साजऱ्या होणाऱ्या इथल्या अमेरिकन सणापाशी, नेऊन सोडले, म्हणून हा धागा काढते आहे.

त्या वर्षी महामारीमुळे कुणाकडे जाणे-येणे नव्हते, आई आमच्याकडेच राहिली होती आणि पानावर आम्ही चौघेच होतो. लहान पक्षी संपले होते, म्हणून १२ पौंडांची गोठवलेली टर्की आणली आणि बुधवारी सकाळी फ्रीजमध्ये ठेवली. दर चार-पाच पौंडांना एक पूर्ण दिवस, म्हणजे बारा पौंडांना जवळजवळ तीन दिवस लागतात, हे मला त्या रात्री कळले. गुरुवारी पहाटे पाचला हात लावून पाहिला तर दगड. मग वेष्टनासकट ती सिंकमध्ये गार पाण्यात बुडवली. हे पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे लागते आणि कोमट घेऊन चालत नाही, कारण आतला बर्फ सुटेपर्यंत बाहेरचे मांस बिघडू लागते.

ते काम आईने आपल्याकडे घेतले. तिचा गुरुवार होता, त्या दिवशी ती मांसमच्छी तोंडात घालत नाही. तरीही दर अर्ध्या तासाने पदर खोचून ती सिंकपाशी येई, पाणी सोडे, नवे भरे आणि पक्षी उलटा करून ठेवी. नऊच्या सुमारास तिने पोटात हात घालून बर्फाचा शेवटचा खडा आणि कलेजी-पेट्याची कागदी पिशवी बाहेर काढली. मग छातीवरच्या कातडीखाली दोन बोटे अलगद सरकवून ती सुटी केली आणि त्या खिशात लोणी, लसूण, मीठ आणि मिरपूड थेट मांडीपर्यंत चोळली. चव बघता येत नव्हती, म्हणून मीठ निव्वळ हाताच्या अंदाजाने घातले, आणि ते बरोबर पडले. आम्ही दोनला जेवलो तेव्हा ती वरणभात जेवली. तिच्यासाठी एक तंगडी बाजूला काढून ठेवली होती, ती तिने शुक्रवारी गरम करून खाल्ली आणि म्हणाली, "मीठ आदल्या दिवशी लावलं असतं तर हाडापर्यंत गेलं असतं."

तुम्ही मोजक्या माणसांसाठी हा स्वयंपाक कसा करता, ते वाचायला आवडेल.

शेवग्याची शेंग

आईंचे म्हणणे अगदी खरे आहे. मी सोमवारी रात्रीच मीठ लावते, साधारण पाच पौंडांना एक मोठा चमचा जाड मीठ, आणि पक्षी फ्रीजमध्ये उघडाच ठेवते. मीठ आधी पाणी सोडवते आणि मग तेच खारे पाणी मांसात परत मुरते. उघडे ठेवल्याने कातडी वाळते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. फक्त आधीच खारवलेली टर्की आणली असेल तर हे करू नये, वेष्टनावर तसे लिहिलेले असते.

कोथिंबीर

गुरुवारचा उल्लेख वाचून भरून आले. १९४१ च्या कायद्याने हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी बांधला गेला आहे, त्यामुळे आमच्या घरात दरवर्षी हा प्रश्न येतोच. २०२२ मध्ये तर नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार त्याच दिवशी आला. सासूबाईंनी घट मांडला होता. मी टर्की शनिवारवर ढकलली आणि गुरुवारी पुरणपोळी केली. माझ्या अमेरिकन जावेने दोन्ही दिवशी येऊन मदत केली, घटासाठी पाच फळेही तीच घेऊन आली. शुक्रवारी दुकानातले ताजे पक्षी स्वस्त झाले होते, हा आणखी एक फायदा.

पाटावरवंटा

आम्ही दोघेच असतो, म्हणून अख्ख्या पक्ष्याच्या वाटेला जात नाही. हाडासकट छातीचा भाग मिळतो, पाच-सहा पौंडांचा. ३२५ अंश फॅरनहाइटवर दोन-अडीच तासांत होतो. अख्खा आणायचाच असेल तर माणशी एक ते दीड पौंड धरावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पहिल्या वर्षी पक्ष्यात बसवलेली, शिजल्याची खूण म्हणून वर येणारी प्लॅस्टिकची गुंडी वर आली, म्हणून मी ओव्हन बंद केला. कापल्यावर मांडीच्या सांध्याशी मांस गुलाबी आणि चिवट निघाले. पाहुण्यांना तासभर थांबावे लागले आणि आमची तेव्हा लहान असलेली मुलगी उपाशीच झोपली, ते मला अजून लागते. तेव्हापासून सुईचा थर्मामीटर मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसतो. तिथे आणि छातीत दोन्हीकडे १६५ अंश फॅरनहाइट दिसल्याशिवाय बाहेर काढत नाही.

परसबाग

लहान ओव्हनवाल्यांसाठी: कात्रीने पाठीचा कणा काढून टाका आणि छातीवर तळव्याने जोर देऊन पक्षी चपटा करा. १२ पौंडांचा पक्षी ४२५ अंशांवर दीड तासाच्या आत होतो, आणि मांडी व छाती जवळजवळ एकदमच शिजतात. कणा फेकू नका, कांदा आणि मिरीबरोबर कुकरमध्ये शिजवला की ग्रेव्हीचे पाणी तयार.

कोथिंबीर

परसबाग, स्टफिंग मग कुठे भरता? आमच्याकडे निम्मे शाकाहारी असतात.

परसबाग

वेगळ्या भांड्यात, भाज्यांच्या पाण्यात. पोटात भरले तर तेही १६५ अंशांपर्यंत तापावे लागते आणि तोवर छाती कोरडी पडते. शिवाय शाकाहारी माणसाला निर्धास्तपणे वाढता येते, हे मला जास्त मोलाचे वाटते. क्रॅनबेरीचे मी लोणचे घालते, मेथी, हिंग आणि गूळ घालून. तोंडात टाकले की करवंदाची आठवण येते.

सांजवात

मी म्हापशाची. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याचे नावच पेरू, त्यामुळे आमच्याकडेही नाताळात "पेरू भाजला" असेच म्हणत. लहानपणी शेजारची आजी परसात पाळलेला पक्षी मसाला भरून पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत पाठवायची, आणि पाव निघाल्यानंतरच्या उतरत्या आचेत तो तासन्‌तास भाजला जायचा. आता टोरंटोत आम्ही तिघे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी जेवतो, कारण कॅनडात हा सण तेव्हा असतो. भाजून काढल्यावर अर्धा तास कापायचे नाही, ही आजीची शिस्त मी पाळते. लगेच सुरी लावली तर सगळा रस पाटावर वाहून जातो.

परसबाग, क्रॅनबेरीच्या लोणच्याची पूर्ण कृती द्याल का?

पाटावरवंटा

मलाही हवी. आणि उरलेल्याचे काय करता? आम्ही दोन तासांच्या आत सगळे हाडावरून सोडवून फ्रीजमध्ये ठेवतो आणि तीन-चार दिवसांत संपवतो. शनिवारी सुक्या खोबऱ्याचे वाटण लावून रस्सा आणि भाकरी.

माजघर

सगळे प्रतिसाद मी आज आईला फोनवर वाचून दाखवले. पाटावरवंटा, तिने तुमच्या लेकीची चौकशी केली आणि म्हणाली की मुलांना आधी बटाटा आणि मक्याचे दाणे वाढून घ्यावेत, मोठ्यांनी थांबावे. कोथिंबीर, शनिवारची कल्पना तिला फार पटली. पुढच्या वर्षी ती येणार आहे आणि आम्ही शनिवारीच जेवणार आहोत. यंदाची ११ पौंडांची रविवारी रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवली आहे.