जुन्या जातीचा दमास्क गुलाब, पानं ढीगभर पण कळी नाही

बागवेडी:
मादाम हार्डी हा दमास्क गुलाब लावून तीन वर्षं झाली, कलमी रोप आहे, झाड माझ्या खांद्याएवढं झालंय, एकदम हिरवंगार, पण अजून एक फूल पाहिलं नाही. रासायनिक काही घालत नाही, दर १५ दिवसांनी शेणपाणी देते आणि थंडीत गुडघ्यापर्यंत छाटते. शेजारीच ओल्ड ब्लश गुलाब आहे, त्यालाही सगळं हेच, आणि तो मात्र सतत फुललेला असतो. काय चुकतंय?

मातीवाला:
छाटणी चुकतेय ताई. मादाम हार्डी वर्षातून एकदाच फुलतो आणि तोही गेल्या वर्षीच्या काठीवर, म्हणजे थंडीत तुम्ही कापताय ती फुलंच कापताय. ओल्ड ब्लश गुलाबांच्या चायना गटातला, त्याला नव्या फुटीवर फुलं येतात म्हणून कसाही छाटला तरी चालतं. यंदाची थंडीतली छाटणी झाली असेल तर यंदाचं विसरा, पण आता येतील त्या लांब काठ्या अजिबात कापू नका, वाकवून आडव्या बांधा, काठीवरच्या प्रत्येक डोळ्यातून (फुटीच्या जागेतून) फूट निघते आणि फुलं कितीतरी जास्त येतात. फुलून गेलं की मग फक्त जुन्या जाड काठ्या बुडातून काढायच्या.

हिरवीपाने:
+१, पण शेणपाणीही जास्त होतंय हं. एवढ्या नत्राने कोवळा पाला सुटतो आणि त्यावर मावा कीड हमखास. एकदा फुलणाऱ्याला नवी फूट सुरू होताना दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि फुलं संपल्यावर थोडं गांडूळखत, बास. वर दोनतीन इंच पालापाचोळा पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. मात्र काळे ठिपके पडलेली पानं त्यात नको, ती उचलून टाका, रोग तिथूनच परत वर चढतो. फुलांसाठी बोनमील (हाडांचा चुरा) घालून बघा.

मातीवाला:
बोनमील आधी नको, मातीचा पीएच (आंबटपणाचं माप) तपासा. ७ च्या वर असेल तर ते विरघळतच नाही, नुसतं पडून राहतं. गुलाबाला ६ ते ६.५ बरा.

बागवेडी:
बापरे, म्हणजे दरवर्षी मीच कळ्या कापत होते! काठ्या आजच बांधते. अजून एक, बुडाशी दोन फुटवे आलेत, पानं वेगळीच दिसतात, ठेवू का?

हिरवीपाने:
ते खालच्या खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या झाडाचे असणार. कापू नका, परत येतात. माती उकरा आणि जिथून निघालेत तिथून ओढून काढा, नाहीतर खुंटच झाड व्यापून टाकेल.